मृदाविज्ञान आणि जागतिक पर्यावरणबदल: पदव्युत्तर अभ्यासाची तयारी कशी करावी

जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा घटकांची नोंद असते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. समजा, एखाद्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के लिहिलेला आहे. शेणखत किती घालावे, हे ठरवायला हा आकडा पुरतो. पण त्या एका हेक्टरात एकूण किती टन कर्ब साठलेला आहे आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा तो वाढला की घटला, असे कोणी विचारले तर पत्रिका गप्प बसते. कारण त्या उत्तरासाठी मातीची बल्क डेन्सिटी (ठराविक आकारमानातल्या कोरड्या मातीचे वजन) आणि नमुन्याची नेमकी खोली लागते, आणि बारा घटकांत बल्क डेन्सिटी नाही. पिकासाठी माती तपासणे आणि हवामानासाठी माती मोजणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरातच हा अभ्यासविषय उभा आहे. कृषी, भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन एम.एस्सी.साठी या विषयाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

विषयाचा आवाका

जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे ८७० अब्ज टन, तर सगळ्या वनस्पतींत मिळून साधारण ४५० अब्ज टन कर्ब आहे. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की हवामानबदलाच्या चर्चेत माती का आली, हे वेगळे सांगावे लागत नाही. मातीतला साठा इतका मोठा आहे की त्यातली थोडीशी गळतीही हवेत जाणवते, आणि उलट दिशेने थोडीशी भर पडली तरी तिची किंमत होते. आंतरशासकीय हवामानबदल समितीने २०१९ मध्ये जमिनीविषयी जो विशेष अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २००७ ते २०१६ या काळात मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या निव्वळ उत्सर्जनात शेती, वने आणि इतर भूमिवापर यांचा वाटा सुमारे २३ टक्के होता.

हा विषय एकट्या कर्बापुरता मात्र नाही. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो आणि युरिया टाकलेल्या ओल्या रानातून नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर नायट्रस ऑक्साइडची २७३ पट धरली जाते. त्याशिवाय धूप, क्षारता, वाळवंटीकरण, दलदलीच्या जमिनींचा निचरा, ध्रुवीय प्रदेशातील गोठलेल्या मातीचे वितळणे हे सगळे या अभ्यासाच्या पोटात येते.

इथे एक सावधगिरीची सूचना आधीच देऊन ठेवतो. ‘जागतिक पर्यावरणबदल’ हे शब्द नावात असलेल्या अनेक अभ्यासक्रमांत मातीचा एकच पेपर असतो आणि उरलेला सगळा भाग धोरणांचा, करारांचा आणि अहवालांचा असतो. ते शिक्षण वाईट नाही, पण ते वेगळे आहे. ज्याला मातीचाच अभ्यास करायचा आहे, त्याने अभ्यासक्रमाच्या नावाकडे फार लक्ष न देता पुढच्या तीन गोष्टी तपासाव्यात. क्षेत्रकार्य सक्तीचे आहे का, आणि किती दिवसांचे? सांख्यिकी सक्तीची आहे का? विद्यार्थ्याने स्वतः प्रयोगशाळेत बसून पृथक्करण करायचे असते, की नमुने बाहेर पाठवून आकडे मागवायचे असतात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर नावात काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

कुठे शिकावे

आपल्याकडे अशा नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम क्वचितच सापडतो. तो विद्यार्थ्याने स्वतः जुळवायचा असतो. मृदाविज्ञान व कृषी रसायनशास्त्र विभागात प्रवेश घ्यायचा, मृदा भौतिकी, मृदा रसायन, खनिजशास्त्र व वर्गीकरण, मृदा जैवरसायन हे पायाचे विषय नीट करायचे, जोडीला कृषी हवामानशास्त्र आणि दूरसंवेदनाचे विषय घ्यायचे, आणि प्रबंधाचा विषय पर्यावरणबदलाचा निवडायचा, हा इथला रुळलेला मार्ग आहे. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत, आणि त्यांतले कोणते चांगले यापेक्षा आपला प्रश्न कोणत्या मातीत आहे, हे आधी पाहावे असे माझे मत आहे. भातशेती, मिथेन, जांभ्याची आम्लधर्मी माती किंवा खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या खार जमिनी यांवर काम करायचे असेल तर दापोली सोयीची. पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोल्याच्या हाताशी आहे. खोल काळ्या कोरडवाहू जमिनीचे काम परभणीला नीट जमते, आणि उसाच्या पाण्याने चोपण किंवा क्षारपड झालेल्या जमिनींचा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे राहुरीच्या कार्यक्षेत्रात आहे.

या विद्यापीठांत प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेतून होतो. देशपातळीवर भारतीय कृषी संशोधन परिषदेची परीक्षा आहे, ती सध्या राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते, आणि तिच्या आधारे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जाता येते. त्या संस्थेत मृदाविज्ञान आणि पर्यावरणविज्ञान असे दोन्ही विभाग एकाच आवारात असल्यामुळे हा जोडविषय करणाऱ्याला ती जागा विशेष सोयीची आहे. याखेरीज नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, भोपाळची भारतीय मृदाविज्ञान संस्था आणि बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ही तीन नावे लक्षात ठेवावीत; पदवी दुसरीकडे घेतली तरी प्रबंधाच्या कामासाठी किंवा उन्हाळी प्रशिक्षणासाठी त्यांचे दार ठोठावता येते. कृषी पदवी नसलेल्यांना कृषी विद्यापीठांत सहसा वाव नसतो, म्हणून भूशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी परदेशी पर्यायांकडे जास्त गांभीर्याने पाहावे.

परदेशात नेमका याच नावाचा एक अभ्यासक्रम आहे. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारी ‘सॉइल्स अँड ग्लोबल चेंज’ ही दोन वर्षांची, १२० युरोपीय श्रेयांकांची संयुक्त पदवी. डेन्मार्कचे आर्हुस, जर्मनीचे गॉटिंगन आणि व्हिएन्नाचे बोकू ही विद्यापीठे तिच्यात भागीदार आहेत. पहिले वर्ष घेंटला आणि पुढचा टप्पा निवडलेल्या शाखेनुसार भागीदार विद्यापीठात, अशी तिची साधारण रचना आहे. एक शाखा मातीच्या जैवभूरसायनाकडे, तर दुसरी भूमिसंपदेच्या भौतिक बाजूकडे झुकते. नेदरलँड्समधील वाखेनिंगनलाही पर्यावरण आणि भूविज्ञानाच्या पदवीत मातीची शाखा घेता येते, आणि तिथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मृदा संस्थेचे संग्रहालय आहे, जिथे जगभरच्या मातीचे उभे छेद जसेच्या तसे जतन करून मांडलेले आहेत.

पैशाचा विचार आधीच करावा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ होते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात, ते जास्तीत जास्त २४ महिने; पण जगभरातून अर्ज येत असल्यामुळे निवड कठीण असते, आणि एखाद्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी अशा जागा मंजूर आहेत की नाही, हे दर वर्षी नव्याने पाहावे लागते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, फक्त सत्रशुल्क भरावे लागते; मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा, जिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो पडतात. होहेनहाइम हे शेतीसाठी नावाजलेले विद्यापीठ नेमके त्याच राज्यात आहे. जर्मन व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) लागते आणि वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठराविकच पैसे काढता येतात अशा खात्यात, दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या (डीएएडी) विकासविषयक शिष्यवृत्तीसाठी पदवीनंतर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, हे अनेकांना अर्ज भरायला बसल्यावर कळते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर काही प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. त्यांचे नियम त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावेत, ओळखीच्या कोणी गेल्या वर्षी काय केले त्यावर विसंबू नये.

प्रवेशाआधीचे सहा महिने

पुस्तकी तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. धनायन विनिमय, ऑक्सिडीकरण-क्षपण आणि बफर या तीन कल्पना पक्क्या नसतील तर पहिल्याच सत्रात दमछाक होते. सांख्यिकीत प्रसरण-विश्लेषण आणि प्रतिगमन येते म्हणण्याइतके यावे. ‘आर’ ही संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर दोन्ही मोफत आहेत. तेव्हा ती शिकायला प्रवेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

खरी तयारी रानात होते. माझा आग्रह असा की प्रवेशाआधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक खड्डा खणून त्याचे वर्णन लिहावे. घरची किंवा ओळखीच्यांची जमीन निवडावी, मालकाची परवानगी घ्यावी, आणि काळी माती असेल तर एप्रिल-मे महिना गाठावा, कारण तेव्हा भेगा पूर्ण उघडलेल्या असतात. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल नेऊ नये, एका बाजूला पायऱ्या ठेवाव्यात, आणि एकट्याने आत उतरू नये. काळ्या मातीच्या भिंती कोरड्या असताना भक्कम दिसतात, पण भेगेच्या रेषेवर अख्खा पाखा सुटून येतो. वरच्या थराची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी, म्हणजे बुजवताना सुपीक थर पुन्हा वर येतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी देतो.

खड्ड्याची उन्हाकडची भिंत चाकूने हलके खरवडून साफ करावी. वरच्या वीतभर थरात मातीचे बारीक कण सुटे होऊन हातात येतात. त्याखाली ढेकळे मोठी आणि कोनदार होतात. साधारण गुडघ्याएवढ्या खोलीपासून पुढे चाकूच्या टोकाने एखादे ढेकूळ उचकटले की त्याची एक बाजू चकचकीत, तिरपी आणि बारीक ओरखड्यांची निघते, जणू कोणी ओल्या हाताने सारवून ठेवली आहे. पावसाळ्यात फुगलेली माती शेजारच्या मातीवर घासत सरकते, तिच्या या खुणा. व्हर्टिसॉल, म्हणजे फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या चिकण मातीचा वर्ग, म्हणून जमिनीची ओळख पटवताना त्या पाहाव्याच लागतात. भेगेतून वरची भुसभुशीत माती आणि धसकटाचे तुकडे किती खोल गेले आहेत, तेही पाहावे. खालच्या थरात पांढरे खडे दिसतील. त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात, म्हणजे ती चुनखडी. कोरडी माती चमच्याने थोडी ओलवून बोटांत मळावी आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढावी. पट्टी जितकी लांब निघते, तितकी चिकणमाती जास्त. रंगाची नोंद मन्सेल पुस्तिकेशी, म्हणजे रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी, ताडून करतात. ती पुस्तिका महाग असते, ती महाविद्यालयातून मागून आणावी, पण ती मिळाली नाही म्हणून खड्डा टाळू नये.

वाफसा हा शब्द आपल्याला घरबसल्या येतो, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. काळ्या रानात पाऊस थांबल्यावर औत कधी घालायचे हे शेतकरी ढेकूळ हातात घेऊन ठरवतो. मृदा भौतिकीत हीच गोष्ट पाण्याचा ताण, सुघट्यता मर्यादा आणि हवेने भरलेली रंध्रे या शब्दांत येते. ज्याला वाफसा कळतो त्याला तो धडा दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही.

कर्ब मोजताना कुठे चुका होतात

या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळ कर्बाच्या साठ्यावर जातो, म्हणून त्याचा हिशेब इथे उलगडून दाखवतो. सेंद्रिय कर्बाची टक्केवारी, बल्क डेन्सिटी (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) आणि थराची जाडी (सेंटीमीटर) यांचा गुणाकार केला की टन प्रति हेक्टर मिळतात. ०.६ टक्के कर्ब, १.३ घनता आणि ३० सेंटीमीटर खोली असेल तर २३.४ टन. सूत्र तिसरीतल्या मुलालाही जमेल, पण काळ्या मातीत त्यातला प्रत्येक आकडा फसवतो.

पहिला फसवणारा आकडा टक्केवारीचा. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत वापरतात: पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक आम्लाने सेंद्रिय कर्बाचे ऑक्सिडीकरण करायचे आणि उरलेल्या डायक्रोमेटचे फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करायचे. यात सगळा कर्ब जळत नाही, साधारण तीन-चतुर्थांशच जळतो, म्हणून निकालाला सुमारे १.३ च्या गुणकाने गुणतात. हा गुणक सगळ्या मातींना सारखा लागू पडत नाही, आणि कोणी तो लावला, कोणी नाही, हे न पाहता जुन्या-नव्या आकड्यांची तुलना केली तर नुसत्या गुणकामुळे कर्ब ‘वाढलेला’ दिसतो. परदेशी प्रयोगशाळांत नमुना थेट जाळून एकूण कर्ब मोजणारे यंत्र असते. ते अचूक आहे, पण त्याला सेंद्रिय आणि चुनखडीतला कर्ब यांतला भेद कळत नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो. म्हणजे मातीत ८ टक्के चुनखडी असेल तर नुसता तिचाच कर्ब ०.९६ टक्के भरतो, आणि ०.६ टक्के सेंद्रिय कर्बाची माती यंत्रावर १.५६ टक्के दाखवते. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या निकालांत मराठवाड्यातल्या एका शेताची माती युरोपातल्या कुरणाशी स्पर्धा करत होती, आणि दोन दिवस मी त्याची कारणे शोधत शेणखताचे गुणगान करत बसलो होतो. नमुन्यावर आधी आम्ल टाकून चुनखडी काढून घ्यायची राहिली होती, एवढेच.

दुसरा फसवणारा आकडा घनतेचा. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आक्रसते. त्याच शेतात पावसाळ्याअखेर कोअर (नमुना काढायची धातूची नळी) ठोकला आणि घनता १.२ आली, उन्हाळ्यात भेगांच्या मधल्या ढेकळात ठोकला आणि १.५ आली, तर वरच्याच सूत्राने साठा एकदा २१.६ आणि एकदा २७ टन येतो. कर्बाचा एक कणही इकडचा तिकडे झालेला नसताना हेक्टरी ५.४ टनांचा फरक कागदावर पडतो. यावर उपाय दोन आहेत: दोन्ही वेळचे नमुने सारख्याच ओलाव्यावर घ्यावेत आणि तो ओलावा नोंदवावा, आणि ठराविक खोलीऐवजी ठराविक वजनाच्या मातीतला साठा काढावा, ज्याला समतुल्य मृदावस्तुमान पद्धत म्हणतात. नांगरट बंद केलेल्या आणि नांगरलेल्या शेतांची तुलना करताना तर या पद्धतीशिवाय हिशेब मांडूच नये. मुरमाड जमिनीत आणखी एक काम वाढते, ते म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांचे आकारमान वजा करण्याचे.

वायू मोजण्याबद्दल थोडेच सांगतो. जमिनीवर बंद पेटी ठेवून ठराविक मिनिटांनी सिरिंजने हवेचे नमुने घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासतात. तंत्र सोपे आहे. अवघड आहे ते वेळेवर हजर राहणे. नायट्रस ऑक्साइड वर्षभर सारखा निघत नाही, युरियाच्या हप्त्यानंतर पाणी दिले किंवा पाऊस पडला की पुढच्या थोड्या दिवसांत उसळी मारतो. ती उसळी ज्याने दिवाळीच्या सुट्टीत गमावली, त्याच्या वर्षभराच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

प्रबंधाचा विषय

प्रवेशानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा, आणि तो बहुधा घाईत घेतला जातो. ‘अमुक सेंद्रिय निविष्ठेमुळे मातीतील कर्बसाठ्यात होणारी वाढ’ असा विषय घेऊन दोन हंगामांचा प्रयोग लावणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने ‘हजारी चार’ हा उपक्रम मांडला; मातीतला कर्ब दर वर्षी हजारी चार, म्हणजे ०.४ टक्क्याने वाढवावा, ही त्यामागची कल्पना. आपल्या २३.४ टनांच्या शेताला ते लावून पाहू: वर्षाला सुमारे ९४ किलो. एकाच शेतात पन्नास पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांत याच्या कित्येक पट फरक सहज सापडतो. म्हणजे दोन वर्षांत जी वाढ होईल ती खरी असली तरी नमुन्यांच्या गोंगाटात बुडून जाते, आणि प्रबंधात ‘कल वाढीचा आढळला, परंतु तो सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही’ हे वाक्य लिहावे लागते.

म्हणून वेळ आधीच जिथे जाऊन बसली आहे, तिथे जावे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेडचा ब्रॉडबाक गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे आणि तिथले जुने मातीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. भारतात दीर्घकालीन खत प्रयोगांचा समन्वित प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला, आणि अकोला व परभणी ही त्याची काळ्या मातीतली केंद्रे आहेत. अशा प्रयोगाच्या वाफ्यांत काहीही नवे न लावता नुसते खोलवरचे नमुने घेऊन, मातीच्या कणसमूहांत कर्ब कुठे दडला आहे हे शोधले, तरी उत्तम प्रबंध होतो. दीर्घ प्रयोग हाताशी नसेल, तर एकाच मातीवरची जुनी देवराई किंवा गायरान आणि शेजारचे नांगरलेले शेत यांची जोडी घ्यावी. दोन्हीकडची माती मुळात एकच होती हे मात्र पोत आणि थर तपासून आधी सिद्ध करावे लागते. प्रयोगशाळेत ठराविक तापमानाला माती बाटलीत उबवून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणे हा तिसरा मार्ग, आणि तो एका वर्षात पुरा होतो.

प्रारूपांचा, म्हणजे संगणकी मॉडेलांचा, मार्गही चांगला आहे, पण तो एकटा घेऊ नये. रोथ-सी हे प्रारूप शिकायला सर्वांत सोपे: त्यात सेंद्रिय पदार्थाचे पाच कप्पे असतात, महिन्यामहिन्याचे तापमान, पाऊस आणि बाष्पीभवन, चिकणमातीचे प्रमाण आणि दर महिन्याला मातीत जाणारा काडीकचरा अशी मोजकीच माहिती लागते. सहज कुजणाऱ्या कप्प्याचा दर वर्षाला १० आणि ह्यूमसचा ०.०२ असतो, म्हणजे पहिल्यातला पदार्थ महिन्याभरात बराचसा संपतो, तर दुसऱ्यातला सरासरी पन्नास वर्षे टिकतो. हे दर रोथॅमस्टेडच्या थंड, ओलसर हवेतल्या प्रयोगांवरून बसवलेले आहेत. सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीच्या रानाला ते लावताना मोजलेल्या आकड्यांशी पडताळणी केली नसेल, तर संगणकाने काढलेल्या सुबक वक्ररेषेवर विश्वास ठेवू नये. मुळांतून किती कर्ब मातीत जातो, हा त्यातला सगळ्यात कच्चा आकडा असतो. मार्गदर्शकाला पहिला प्रश्न तोच विचारावा.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावरील शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा त्यांच्या मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. गाडी मिळते का, नमुने घेण्याच्या दिवसांत मजूर मिळतात का, ओव्हन आणि तराजू चालू आहेत का, यंत्र बंद पडल्यास दुरुस्तीला किती महिने लागतात, हे प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतात. प्रबंध वेळेत होणे न होणे यांवरच ठरते.

अर्जातले निवेदन

परदेशी अर्जासोबतच्या निवेदनात ‘लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य लिहू नये. निवड करणाऱ्यांनी ते शेकडो वेळा वाचलेले असते. त्याऐवजी आपण खणलेल्या खड्ड्यात काय दिसले, त्यावरून कोणता प्रश्न पडला, आणि तो सोडवायला या अभ्यासक्रमातले कोणते दोन विषय लागतील, हे एका पानात सांगावे. पूर्णा खोऱ्यातले खारे पाणी, कोकणातले जांभ्याचे सडे, सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनी यांची माहिती आपल्याकडे अनुभवातून असते. तिथल्या प्राध्यापकांना ती नवी असते. शिफारसपत्र ज्यांनी आपल्याला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे, त्यांच्याकडूनच घ्यावे, मग त्यांचे पद लहान असले तरी चालेल. इरॅस्मस मुंडसचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात भरायचे असतात, म्हणून इंग्रजीची परीक्षा आणि गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती पावसाळ्यातच उरकाव्यात.

पुढच्या वाटा ठरलेल्याच आहेत: पीएच.डी., कृषी संशोधन सेवेची परीक्षा, माती परीक्षण प्रयोगशाळा, पाणलोट आणि भूमिसंधारणाच्या संस्था. अलीकडे शेतकऱ्यांच्या जमिनीतल्या कर्बावर कार्बन क्रेडिट विकू पाहणाऱ्या कंपन्याही मृदाविज्ञानाचे पदवीधर शोधतात. तिथे नोकरी धरण्याआधी त्यांची नमुने घेण्याची पद्धत मागून घ्यावी आणि वरचा ९४ किलोंचा हिशेब तिला लावून पाहावा. किती हेक्टरांमागे एक नमुना, किती खोलीचा, घनता मोजतात का आणि चुनखडीचे काय करतात, या चार प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तर नोकरीच्या पत्रावर सही करण्याची घाई करू नये.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. नमुने सावलीत वाळवावेत, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावेत, आणि पृथक्करण झाल्यावर उरलेली माती फेकू नये. पाव किलो तरी बरणीत ठेवावी. पिशवीवर शाईच्या पेनने लिहिलेले ओलाव्याने पुसले जाते, म्हणून जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख आणि त्या दिवशीचा ओलावा लिहून एक चिठ्ठी आत टाकावी आणि दुसरी बाहेर बांधावी. दहा वर्षांनी त्याच गटात कोणी पुन्हा ऑगर (माती काढायचा गिरमिट) ठोकेल, तेव्हा त्याला तुलनेसाठी हीच बरणी लागेल.